मुंबई ते न्यू यॉर्क: विमानाचे अंतर, हवेतले तास आणि घर ते घर लागणारा वेळ

मृण्मयी_कोथरूड

नमस्कार मंडळी. माझे आई-बाबा येत्या डिसेंबरात पुण्याहून न्यू जर्सीतील एडिसन येथे माझ्या धाकट्या भावाकडे जाणार आहेत. बाबांनी सत्तरी ओलांडली असून त्यांना मधुमेह आहे, ते इन्सुलिन घेतात. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिला फार चालवत नाही. तिकिटे काढण्यापूर्वी प्रवास नेमका किती लांबचा आणि किती तासांचा आहे हे समजून घ्यावे म्हणून मी काही संकेतस्थळे चाळली, तर प्रत्येक ठिकाणी आकडा वेगळा. कुठे अंतर १२,५३० दिले आहे, कुठे ७,७९०, तर कुठे ६,७७०. उड्डाणाचा वेळ एका ठिकाणी चौदा तास लिहिला आहे, पण तिकिटांच्या यादीत थेट विमानाला सोळा तासांहून अधिक वेळ दिसतो आणि एक थांबा असलेल्या विमानांना एकवीसपासून तीस तासांपर्यंत. यातले खरे काय मानावे, आणि वयस्क माणसांसाठी थेट विमान बरे की मध्ये थांबा असलेले, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

दिगंतर

मृण्मयीताई, मी उड्डाणांचे मार्ग आखण्याच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

तुम्ही दिलेले अंतराचे तिन्ही आकडे बरोबर आहेत. १२,५३० हे किलोमीटर आहेत, ७,७९० हे आपण रस्त्यावर मोजतो ते मैल आहेत आणि ६,७७० हे सागरी मैल आहेत. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि विमान वाहतुकीचा सगळा हिशेब त्यातच चालतो. अनेक संकेतस्थळे एकक ठळकपणे लिहीत नाहीत, त्यामुळे असा गोंधळ होतो.

हे अंतर पृथ्वीच्या गोलावरचे सर्वांत कमी अंतर आहे. घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबई आणि न्यू यॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून बघा. भिंतीवरच्या नकाशात पाहिले तर वाटते की विमान अरबस्तान, इजिप्त आणि भूमध्य समुद्रावरून सरळ पश्चिमेला जात असेल. दोरा मात्र मुंबईतून निघताना जवळजवळ उत्तरेकडेच जातो आणि पश्चिमेला जेमतेम सत्तावीस अंश कलतो. तो राजकोट आणि कच्छच्या रणावरून सिंधमध्ये शिरतो, कंदाहारजवळून तुर्कमेनिस्तानात जातो, पश्चिम कझाकस्तान ओलांडून व्होल्गाकाठच्या सारातोव्हवर पोहोचतो आणि तिथून थेट मॉस्को गाठतो. पुढे फिनलंड, नॉर्वेतील ट्रॉनहाइम, आइसलँडमधील रेक्याविक, ग्रीनलँडचे दक्षिण टोक, लॅब्राडोर आणि मेन राज्य अशी वाट काढून तो वरच्या अंगाने न्यू यॉर्कमध्ये उतरतो. या वाटेचा सर्वांत उत्तरेचा बिंदू जवळजवळ ६५ अक्षांशावर येतो. सपाट नकाशावरची सरळ रेघ धरून गेलो तर हेच अंतर १४,२०० किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे सुमारे सतराशे किलोमीटरचा वळसा पडतो.

आता वेळ. बोइंग ७७७ सारखे विमान उंचीवर स्थिरावले की ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. १२,५३० ला ९०० ने भागले की चौदा तास येतात, आणि संकेतस्थळावरचा तुमचा आकडा बहुधा अशाच भागाकारातून आलेला आहे. त्या भागाकारात वारा धरलेला नसतो, कोणत्या देशाचे आकाश खुले आहे याचा विचार नसतो, धावपट्टीपर्यंतची रांग नसते आणि उतरण्यापूर्वी घालाव्या लागणाऱ्या घिरट्याही नसतात. तिकिटावरचा वेळ हा विमान फलाटावरून हलल्यापासून पुन्हा फलाटाला लागेपर्यंतचा असतो आणि कंपनीने तो मागच्या अनुभवावरून ठरवलेला असतो. त्यामुळे विश्वास ठेवायचा तो तिकिटावरच्या वेळेवर.

सागरवेळ

दिगंतर, फार चांगली माहिती दिलीत. एक शंका आहे. जाताना सोळा तास लागतात आणि येताना चौदा, असे नेहमी ऐकतो. आमच्या घरी यावर बरीच चर्चा झाली. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग अमेरिकेला जाताना न्यू यॉर्क आपल्या दिशेने येत असले पाहिजे आणि जाण्याचा वेळ उलट कमी लागला पाहिजे, असा माझ्या मुलीचा युक्तिवाद आहे. याचे उत्तर मला नीट देता आले नाही.

दिगंतर

सागरवेळ, तुमच्या मुलीचा प्रश्न उत्तम आहे. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते, आणि विमान त्या वातावरणातच उडत असते. मुंबईच्या धावपट्टीवर उभे असतानाच विमानाला पृथ्वीचा फिरण्याचा वेग मिळालेला असतो आणि उडाल्यावर तो नाहीसा होत नाही. त्यामुळे न्यू यॉर्क आपल्याकडे सरकत येण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

फरक पडतो तो वरच्या वाऱ्यांमुळे. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमाने उडतात त्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्यांचे अरुंद पट्टे वाहत असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची उबदार हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातील फरकामुळे ते निर्माण होतात, आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे त्यांना पूर्वेकडची दिशा मिळते. म्हणजे परिवलनाचा संबंध आहे, पण तो असा वाऱ्याच्या वाटेने येतो. हिवाळ्यात हा तापमानातला फरक वाढतो, तसे वारेही जोर धरतात आणि काही ठिकाणी त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे जातो. विमानाचा वेग हवेच्या सापेक्ष ९०० असला आणि समोरून शंभराचा वारा असला, तर जमिनीच्या हिशेबाने आपण आठशेनेच पुढे जातो.

म्हणूनच मार्ग आखताना आम्ही सर्वांत कमी अंतराची वाट शोधत नाही, तर त्या दिवशीच्या वाऱ्यात सर्वांत कमी वेळाची आणि इंधनाची वाट शोधतो. याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाचे आहे. २०१५ च्या डिसेंबरात ही सेवा सुरू झाली तेव्हा विमान अटलांटिकवरून जात असे आणि ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटर भरली, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त, पण पाठीवर वारा असल्यामुळे विमान साडेचौदा तासांत पोहोचले आणि आधीपेक्षा जवळजवळ दोन तास वाचले. मृण्मयीताई, अंतराच्या आकड्यावरून प्रवासाचा वेळ का ठरवू नये, याचे उत्तर मला याहून स्पष्ट देता येणार नाही.

जुनाप्रवासी

थोडी पूर्वपीठिका सांगावीशी वाटते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाची पहिली आंतरराष्ट्रीय फेरी ‘मलबार प्रिन्सेस’ या कॉन्स्टेलेशन विमानाने मुंबईहून लंडनला गेली, तेव्हा ती कैरो आणि जिनिव्हा येथे थांबली होती. न्यू यॉर्कची सेवा १४ मे १९६० रोजी बोइंग ७०७ विमानाने लंडनमार्गे सुरू झाली. मध्ये न थांबता मुंबई ते न्यू यॉर्क जाण्यासाठी ऑगस्ट २००७ उजाडावा लागला, कारण एवढे इंधन आणि एवढे प्रवासी एकाच वेळी वाहून नेणारे विमान तोवर एअर इंडियाच्या ताफ्यात नव्हते. माझ्या पिढीतले लोक शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत गेले ते बहुतेक लंडन, फ्रँकफर्ट किंवा पॅरिस येथे विमान बदलूनच. सांगायचा हेतू हा की मध्ये थांबणे ही काही तडजोड नव्हे. अनेक दशके हीच रीत होती आणि आमच्या आई-वडिलांनी ती व्यवस्थित निभावली.

दिगंतर

जुनाप्रवासी यांच्या मुद्द्याला जोडून एक गोष्ट सांगतो. एका दमात जाण्याची किंमत इंधनात मोजावी लागते. ७७७-३००ईआर या विमानाच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावते, आणि लांबच्या फेरीत पहिल्या काही तासांत जळणाऱ्या इंधनाचा मोठा हिस्सा पुढच्या तासांचे इंधन वाहून नेण्यातच खर्च होतो. त्यामुळे मार्ग थोडा लांबला तरी त्याचा ताण पुष्कळ वाढतो.

आणि मार्ग अलीकडे खरोखरच लांबला आहे. वर दोऱ्याची वाट सांगितली, त्यातली सिंध आणि मॉस्को ही दोन नावे पुन्हा पाहा. रशियाने फेब्रुवारी २०२२ नंतर पाश्चात्त्य देशांच्या विमानांना आपले आकाश बंद केले, अमेरिकेनेही रशियन विमानांना बंदी केली, आणि युनायटेड एअरलाइन्सने त्याच वर्षी आपली मुंबई–न्यूअर्क (न्यू यॉर्कजवळचा विमानतळ) थेट सेवा थांबवली. भारतीय कंपन्यांना रशियावरून उडता येत होते. पण २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आणि पुढे ती मुदत महिन्यामहिन्याने वाढत गेली. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना याचा मोठा फटका बसला. त्यांतील काहींना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरावे लागले. मुंबईहून निघाल्यावर लगेच अरबी समुद्र मिळतो, त्यामुळे इथला वळसा तुलनेने कमी आहे, तरी वेळ वाढतोच. म्हणून दोन वर्षांपूर्वी कोणी अमुक तासांत पोहोचले, या आठवणीवर विसंबू नका. तिकीट काढताना त्या आठवड्यातील त्या क्रमांकाचे विमान प्रत्यक्षात किती वाजता उतरले, हे विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर पाहून घ्या.

एडिसनकर

मृण्मयीताई, मी एडिसनलाच राहतो आणि आमच्याकडे दर हिवाळ्यात कोणाचे ना कोणाचे आई-वडील येत असतात, त्यामुळे या विषयावर कळकळीने लिहितो आहे.

आधी अंतराबद्दल. थांबा घेतला म्हणजे फार लांबून जावे लागते, हा समज चुकीचा आहे. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आहे आणि लंडन ते न्यू यॉर्क सुमारे ५,५४०. बेरीज १२,७४० होते, म्हणजे सरळ अंतरापेक्षा फक्त दोनशे किलोमीटर जास्त. दुबईमार्गे गेलात तरी १,९३० आणि ११,०२० मिळून १२,९५० होतात. वेळ वाढतो तो विमान बदलण्यासाठी बसून राहावे लागते त्यामुळे.

माझे स्पष्ट मत असे आहे की वयस्क माणसांसाठी एकूण तास पाहू नयेत, एका बैठकीत सलग किती तास बसावे लागते ते पाहावे. दुबई, दोहा किंवा अबू धाबीमार्गे गेलात तर पहिला टप्पा तीन-साडेतीन तासांचा आणि दुसरा चौदा तासांचा होतो. म्हणजे थेट विमानाच्या सोळा तासांतून तुमची सुटका फारशी झालीच नाही, वर विमान बदलण्याची दगदग पदरात पडली. लंडन किंवा फ्रँकफर्टमार्गे हाच प्रवास नऊ-दहा तास आणि आठ-नऊ तास असा जवळजवळ मधोमध विभागला जातो. तुमच्या आईंच्या गुडघ्यांचा विचार करता हा फरक महत्त्वाचा आहे.

अबू धाबीचा एक वेगळा फायदा मात्र सांगायला हवा. अमेरिकेची इमिग्रेशन आणि सीमाशुल्क तपासणी तिथेच पूर्ण होते, आणि न्यू यॉर्कला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता. थकून उतरल्यावर रांगेत उभे राहावे लागत नाही, हे अनेकांना फार सोयीचे वाटते.

थांबा किमान अडीच-तीन तासांचा ठेवा आणि पाचच्या पुढे जाऊ देऊ नका. एक तास वीस मिनिटांचा थांबा कागदावर छान दिसतो, पण हीथ्रोसारख्या ठिकाणी एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर बसने जाऊन पुन्हा सुरक्षा तपासणीतून जावे लागते, आणि व्हीलचेअर घेऊन येणाऱ्या माणसाची वाट पाहण्यातच पंधरा-वीस मिनिटे निघून जातात. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असलेच पाहिजेत, म्हणजे पहिले विमान उशिरा पोहोचले तर पुढची सोय करणे ही कंपनीची जबाबदारी राहते. स्वस्त पडते म्हणून शिकागो किंवा अटलांटामार्गे न्यूअर्कचे तिकीट कोणी सुचवले तर नको म्हणा. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथे सामान पट्ट्यावरून उचलून, तपासणी करून पुन्हा चढवावे लागते, आणि ते आई-बाबांना एकट्याने झेपणारे नाही. व्हीलचेअर दोघांसाठीही तिकीट काढतानाच नोंदवा. बाबा चालू शकत असले तरी नोंदवा, कारण एकट्या आईला नेले आणि बाबा गर्दीत मागे राहिले तर दोघेही घाबरतील.

शेवटचे म्हणजे विमानतळ. न्यू यॉर्क म्हणून जेएफके आणि न्यूअर्क हे दोन्ही यादीत येतात. एडिसनहून न्यूअर्क पुष्कळ जवळ आहे. जेएफकेहून यायचे तर न्यू यॉर्कची वाहतूक पार करावी लागते, आणि संध्याकाळी उतरलात तर घरी पोहोचायला दोन तासही लागू शकतात. हवेतला अर्धा तास वाचवून रस्त्यावर दीड तास घालवण्यात अर्थ नाही.

शाल्मली

मी डॉक्टर आहे, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक सलग बसून प्रवास केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मूळ धोका लहान असला तरी वय आणि आजार पाहता काळजी घ्यावी. दर दीड-दोन तासांनी पॅसेजमधून एक फेरी मारावी, बसल्या जागी घोटे फिरवावेत आणि पाणी पीत राहावे. केबिनमधली हवा फार कोरडी असते आणि तिथला दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो, त्यामुळे हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे.

मधुमेहाबाबत महत्त्वाचे म्हणजे पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. डिसेंबरात मुंबई आणि न्यू यॉर्क यांच्या वेळेत साडेदहा तासांचा फरक असतो, म्हणजे बाबांचा तो ‘दिवस’ साडेचौतीस तासांचा होईल. इन्सुलिनच्या मात्रा त्या दिवशी कशा विभागायच्या, याचे तासांनिशी वेळापत्रक त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. स्वतःच्या मनाने जास्तीचे इंजेक्शन देऊ नका. सर्व इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकते. औषधांची मूळ नावे असलेली चिठ्ठी आणि थोडा खाऊ सोबत असू द्या. विमानातले जेवण वेळेवर येईलच असे नाही.

मृण्मयी_कोथरूड

आपण सर्वांनी किती आस्थेने लिहिले आहे! घरी सर्वांना वाचून दाखवले. लंडनमार्गे, साडेतीन तासांचा थांबा आणि न्यूअर्कला उतरणे, यावर आमचे एकमत झाले आहे. आता एकच गोंधळ उरला आहे. तिकिटावर मुंबईहून निघण्याची वेळ १२ तारखेला रात्री ०१:३० आणि न्यूअर्कला पोहोचण्याची वेळ त्याच १२ तारखेला दुपारी १२:३० दिसते. बाबा म्हणतात, अकरा तासांत कसे पोहोचणार? आणि भावाने रजा कोणत्या दिवशी टाकायची?

एडिसनकर

तिकिटावर निघण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाने असते आणि पोहोचण्याची तिथल्या घड्याळाने. ०१:३० ते १२:३० हे अकरा तास झाले, त्यात साडेदहा मिळवा, म्हणजे प्रवास साडेएकवीस तासांचा आहे. थांब्याचे साडेतीन वजा केले की विमानात अठरा तास उरतात, आणि लंडनमार्गासाठी हा आकडा अगदी योग्य आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथली घड्याळे एक तास पुढे होतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे येतात. त्यामुळे ते एप्रिलनंतर परतणार असतील तर हिशेबात साडेनऊ धरा, आणि येतानाचे म्हणून ते वजा करा.

भावाने रजा १२ तारखेचीच टाकावी आणि दीड-दोनच्या सुमारास बाहेर पडण्याच्या दाराशी थांबावे. इमिग्रेशन आणि सामान यांत एवढा वेळ जातोच.

पुण्याहून निघण्याची तारीख मात्र आताच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. १२ तारखेचे ०१:३० म्हणजे ११ तारखेची मध्यरात्र उलटल्यावर. तीन तास आधी पोहोचायचे म्हणजे ११ तारखेला रात्री साडेदहाला सहारच्या टर्मिनल दोनवर हवे, आणि द्रुतगती मार्गावर घाटात कोंडी होऊ शकते हे धरून कोथरूडहून दुपारी साडेचार-पाचलाच गाडी सुटली पाहिजे. १२ तारखेच्या रात्री विमानतळावर येऊन विमान आदल्याच रात्री गेल्याचे कळलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. गाडीवाल्यालाही ११ तारीख, दुपारी साडेचार, असेच सांगा. ‘१२ तारखेची फ्लाइट’ असे त्याला म्हणू नका.